मोडलेला पाय आणि कार्तिकीची वारी

रत्नागिरीहून पंढरपूरला जाणारा रस्ता पाली आणि साखरपा मागे टाकून आंबा घाट चढतो. मलकापूरवरून कोल्हापूर, कोल्हापूरहून मिरज, मग सांगोला आणि तिथून विठोबाची पंढरी, असा हा सुमारे तीनशे किलोमीटरांचा प्रवास. निम्म्याहून थोडी अधिक वाट सरली की मिरज येते. कोकणच्या माणसाला मिरज दोन नात्यांनी ठाऊक आहे: पंढरीच्या वाटेवरचा टप्पा म्हणून, आणि हाड मोडले किंवा दुखणे हाताबाहेर गेले तर जिथे न्यायचे ते गाव म्हणून. दवाखान्याला निघालेला आणि देवाला निघालेला, दोघेही एकच घाट चढत आले आहेत.

या दुहेरी प्रवासाचा इतिहास पंचांग, समुद्र, भातशेती, वैद्यक आणि आगगाडी यांत विखुरलेला आहे. हे धागे एकत्र केले की एक गोष्ट लख्ख दिसते. रत्नागिरीच्या वारकऱ्याला कार्तिकी एकादशी इतकी जवळची का, आणि मोडलेल्या हाडाला ती नेमकी का पावते, याचे उत्तर एकाच हिशोबात आहे.

आधी हाड मोडते कुठे ते पाहू. कोकणात पडण्याच्या जागा पिढ्यान्पिढ्या त्याच आहेत. चैत्र-वैशाखात हापूसची काढणी चालते. जुनी कलमे उंच असतात आणि झेला हातात धरून फांदीच्या टोकाकडे सरकलेल्या गड्याचा तोल जायला क्षण पुरतो. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले; त्याने विकसित केलेल्या ‘नूतन झेल्या’मुळे फळ देठासह काढता येऊ लागले, पण उंच झाडावर चढणे काही संपले नाही. माडाची उंची तर सहज पंधरा-वीस मीटर. जांभ्याच्या चिरेखाणीत पायावर चिरा येतो. पाऊस सुरू झाला की कातळावर शेवाळ धरते, घराकडे उतरणारी पाखाडी निसरडी होते, पऱ्यावरचा साकव भिजून गुळगुळीत होतो. मिरकरवाड्यासारख्या बंदरात ओल्या फळीवरून घसरणारे वेगळेच. नडगी, घोटा, टाच, मनगट, आणि उंचावरून पडले तर पाठीचा मणका: कोकणच्या अपघातांत हीच हाडे पुन्हा पुन्हा येतात.

म्हणजे पडण्याचा हंगाम साधारण चैत्रापासून श्रावणापर्यंतचा. नेमकी याच काळाच्या मध्ये आषाढी एकादशी येते. वैशाखाच्या अखेरीस नडगी मोडलेल्या माणसाला आषाढीला पंढरपुरात उभे राहणे शक्य नसते, कारण मध्ये जेमतेम सहा-सात आठवडे असतात. आणि धडधाकट माणसालाही कोकणातून आषाढी गाठणे सोपे नव्हतेच. आषाढात लावणी ऐन भरात असते. चिखलणी झालेले शेत आणि वाढलेली रोपे एकादशीसाठी थांबत नाहीत. घाटात दरडी कोसळतात, नद्या दुथडी भरतात. रस्ते पक्के होण्याआधीच्या काळात तर पावसाळ्यात कोकण आणि देश यांच्यातले दळणवळण महिनोन्महिने मंदावत असे.

समुद्राचीही तीच गत होती. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्णपणे सुरू झाली; त्याआधी रत्नागिरीला रेल्वे अशी मोठ्या उशिरानेच आली. त्यापूर्वी अनेक दशके रत्नागिरीकरांचा मुंबईचा राजरस्ता म्हणजे बोट. बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी किनाऱ्याने बंदरे घेत जात. मोठी बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही. प्रवाशांनी पडावातून तिच्यापर्यंत जायचे आणि हलत्या शिडीने वर चढायचे. दुखऱ्या पायाने ते किती कठीण असेल याची कल्पना करता येते. शिवाय ही वाहतूक पावसाळ्यात बंद असे. ज्येष्ठात शेवटची बोट गेली की समुद्र पुन्हा शांत होईपर्यंत बंदरे सुनी पडत. म्हणजे आषाढीला समुद्र बंद, घाट धोक्याचा आणि शेत अडलेले. कार्तिकीला तिन्ही मोकळे. भात कापून घरात आलेले, बोटी चालू, घाट कोरडा. कार्तिकीच्या यात्रेत कोकणातल्या वारकऱ्यांचा भरणा मोठा असतो, ही पंढरपुरात पूर्वीपासूनची ओळखीची गोष्ट आहे. तिचे मूळ या भूगोलात आहे.

आता हाडाचा हिशोब. आषाढ शुद्ध एकादशी ते कार्तिक शुद्ध एकादशी म्हणजे चातुर्मास, चार चांद्रमास, साधारण ११८ दिवस. २०२४ साली आषाढी १७ जुलैला होती आणि कार्तिकी १२ नोव्हेंबरला. मोजले तर बरोबर ११८. अधिक महिना मध्ये आला तर मुदत महिन्याने वाढते. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून २९ जूनची आषाढी आणि २३ नोव्हेंबरची कार्तिकी यांत १४७ दिवस पडले.

वैद्यकाचे आकडे याच्याशेजारी ठेवून पाहावेत. हाड मोडले की पहिल्या काही दिवसांत तिथे रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत त्याची जागा मऊ जोड घेतो. पुढच्या सहा ते बारा आठवड्यांत त्या जोडात चुना भरून तो कठीण होतो. मनगटाला सहा आठवडे पुरू शकतात. नडगीला मात्र बहुधा बारा ते सोळा आठवडे लागतात, मांडीला त्याहून अधिक. सोळा आठवडे म्हणजे ११२ दिवस. आषाढीच्या सुमारास मोडलेली नडगी, सगळे सुरळीत गेले तर, कार्तिकीच्या तोंडावर अंगाचा भार घेऊ लागते. वैशाखात मोडली असेल तर चालण्याचा सराव करायलाही वेळ मिळतो. हरी निजतो आणि जागा होतो त्या दोन तिथींच्या मध्ये माणसाचे एक मोठे हाड सांधले जाते. पंचांग कुणी हाडासाठी बेतले नव्हते, पण ज्याचा पाय मोडला आहे त्याला ते उपयोगी पडते.

हा हिशोब जुन्या ग्रंथांनाही परका नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांवर आहे. निदानस्थानात सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. बरे होण्याची मुदतही दिली आहे: तरुणाला एक महिना, मध्यम वयाला त्याच्या दुप्पट, म्हाताऱ्याला तिप्पट. म्हणजे वृद्धाचा तीन महिन्यांचा काळ धरला तरी चातुर्मासात एक महिना उरतोच. पट्टी कधी बदलावी हेही ऋतूवर ठरवले आहे: थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. हाड हलू नये म्हणून उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबूच्या कांब्या बांधायला सांगितल्या आहेत. मांडी किंवा पाय मोडलेल्याला फळीवर निजवून पाच ठिकाणी खुंट्या मारून अवयव जखडण्याचा ‘कपाटशयन’ नावाचा विधीही आहे.

कोकणातल्या गावोगावच्या हाडवैद्यांनी हा ग्रंथ वाचला असेल वा नसेल. त्यांच्या हातात त्यातली रीत होती. बांबू दारातच उगवलेला. त्याच्या सोलून गुळगुळीत केलेल्या कांब्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, हळद-तुरटीचा किंवा उडदाच्या पिठाचा लेप, अंड्याचा पांढरा बलक, हाडसांधीचा वेल, निर्गुडीच्या पाल्याचा शेक. लेप सुकला की कडक होई आणि सांधा धरून ठेवी. हाडवैद्याचे खरे कसब बोटांत असे. कातडीवरून हात फिरवून मोडलेल्या टोकांचा अंदाज घ्यायचा, खेचून ती सरळ रेषेत आणायची आणि मग बांधायचे. विल्हेल्म रँटगेनला क्ष-किरण सापडले ते १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये. त्याआधी जगातला प्रत्येक शल्यवैद्य याच अंदाजाने काम करीत होता. युरोपातही अशा कुळी होत्या. आधुनिक अस्थिशल्याचा एक जनक मानला जाणारा लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा पिढीजात हाडे बसवणाऱ्यांच्या घराण्यातलाच. त्याच्या नावाचा मांडीचा आधार पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांच्या कामी आला.

या विद्येची काळी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिने अनेकांचे हातपाय नेले आहेत. सुश्रुताने स्पष्ट बजावले आहे की पट्टी सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळली तर सूज, वेदना होऊन कातडी पिकते. हे दुसरे वाक्य जिथे विसरले गेले तिथे अनर्थ झाला. आवळलेल्या पट्टीखाली रक्त थांबते, बोटे गार पडतात, मग काळी होतात. कोपराजवळ हाड मोडलेल्या मुलांत यातून पंजा कायमचा आखडतो. जर्मन शल्यवैद्य रिचर्ड फॉन फोल्कमानने १८८१ साली या व्यंगाचे वर्णन केले आणि ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर लेपाने जखम चिघळते. असा रुग्ण डोलीत घालून, बांबूला बांधलेल्या घोंगडीतून, चार खांद्यांवर पाखाड्या उतरवत मोठ्या रस्त्यापर्यंत आणावा लागे. तिथून पुढे मिरज.

मिरजेचे नाव झाले ते विल्यम वॉनलेस यांच्यामुळे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे हे डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे लोक तिथे येऊ लागले. कोकणातून घाट चढून आलेले, कर्नाटकातून आलेले, संस्थानांतले आणि खेड्यांतले. पुढे १९६२ साली तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले. डॉ. जी. एस. कुलकर्णी यांच्या कामामुळे अलीकडच्या दशकांत हे गाव खास हाडांच्या शल्यकर्मासाठी देशभर माहीत झाले. रशियातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव यांनी शोधलेली, हाडाभोवती धातूची वलये बसवून न सांधणारे हाड सांधण्याची पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव आहे.

मिरजेत रत्नागिरीच्या रुग्णाला जे मिळाले त्यात प्लास्टर सर्वांत मोठे. डच लष्करी शल्यवैद्य आंतोनियस मथायसन याने १८५२ साली प्लास्टरची भुकटी चोळलेल्या पट्ट्या भिजवून गुंडाळण्याची युक्ती प्रसिद्ध केली. काही मिनिटांत घट्ट होणारे हे आवरण हलत नाही, आणि त्यात अडकलेल्या पायासह माणूस कुबड्यांवर घरी परतू शकतो. प्लास्टर घालायला एक फेरी, काढायला दुसरी. दोन फेऱ्यांच्या मध्ये सहा-आठ आठवडे गावी, ओटीवर पाय उंच ठेवून.

आणि इथेच आगगाडी या गोष्टीत येते. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे पोचली १८९१ साली. पंढरपूरकडे दुसऱ्या बाजूने एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे येत होती. अडीच फुटी अरुंद मापाची ही गाडी १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली, १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरला आली आणि १९२७ साली पंढरपूरहून थेट मिरजेला जोडली गेली. १९२७ पूर्वी कोकणातल्या ज्याला पंढरपूर चालत गाठता येत नव्हते, त्याला बोटीने मुंबई, तिथून मोठ्या गाडीने कुर्डुवाडी आणि मग छोट्या गाडीने पंढरपूर असा वळसा होता. १९२७ नंतर घाट चढून कोल्हापूर गाठले की पुढचे सगळे रुळांवर. प्लास्टर काढून मिरजेच्या दवाखान्यातून बाहेर पडलेला माणूस त्याच गावच्या स्थानकावर पंढरपूरच्या गाडीत बसू शकत होता. गाडी धिमी होती, पण काठी टेकत चालणाऱ्याला धिम्या गाडीची अडचण कधीच नसते. यात्रेच्या दिवसांत या गाडीला माणसे अक्षरशः लटकत. पुढे रुळांचे माप बदलले आणि आज मिरज-पंढरपूर मार्ग ब्रॉडगेज आहे.

पण गाडीत बसून गेलेली वारी ती वारी म्हणायची का? हा प्रश्न श्रद्धाळू माणसाच्या मनात येतोच आणि शास्त्रकारांनीही तो टाळला नाही. त्यावर सर्वांत नेटकी मांडणी केली ती रत्नागिरी जिल्ह्याच्याच एका सुपुत्राने. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० साली चिपळूणजवळच्या परशुराम-पेढे परिसरातला. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या त्यांच्या महाग्रंथाचा चौथा खंड १९५३ साली निघाला. त्यात तीर्थयात्रेवर स्वतंत्र विभाग आहे. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. काणे यांनी पुराणे आणि निबंधग्रंथांतली वचने शोधून समोर ठेवली. वाहनाने गेले तर निम्मे पुण्य जाते असे एक मत. दुसऱ्याच्या वतीने मोबदला घेऊन यात्रा करणाऱ्याला सोळावा हिस्सा. दुसऱ्या कामासाठी जाता जाता तीर्थ घडले तर निम्मे फळ. जो येऊच शकत नाही त्याची कुशाची प्रतिमा करून तीर्थात बुडवली तर त्याला आठवा हिस्सा. मत्स्यपुराणातले वाहननिषेधाचे वचन नीट पाहिले तर रोख ऐश्वर्याच्या लोभाने आणि मोहाने वाहनात बसणाऱ्यावर आहे. ज्याचा पाय मोडला तो त्यात येत नाही. हे अपूर्णांक कोरडे वाटतील, पण त्यांच्यामागे मोठी कळकळ आहे. शरीराने साथ सोडलेल्या माणसाला काहीच मिळणार नाही, असे म्हणायला हे ग्रंथकार तयार नव्हते.

वारकरी परंपरेने हाच प्रश्न अपूर्णांकांऐवजी कथेने सोडवला. महिपतीच्या ‘भक्तिविजया’त कूर्मदासाची कथा येते. पैठणचा हा भक्त हातापायांनी पांगळा. कीर्तनात पंढरीचे वर्णन ऐकून तो निघाला तो पोटाने सरपटत, गडबडा लोळत. एकादशी तोंडावर आली तेव्हा तो माढ्याजवळच्या लऊळपर्यंतच पोचला होता. अंग सोलवटलेले, पुढे सरकण्याची शक्ती संपलेली. त्याने यात्रेकरूंकरवी विठोबाला निरोप धाडला, आणि देव संतांसह लऊळला त्याच्या भेटीला आला. लऊळला कूर्मदासाचे देऊळ आहे. वारकऱ्यांच्या मनात ही कथा घट्ट रुजलेली आहे, कारण मुदतीत न पोचण्याची भीती तिने बोलून दाखवली आणि त्या भीतीला उत्तरही दिले.

दुसरी कथा याच वाटेजवळच्या मंगळवेढ्याची, आणि ती अधिक दुखरी आहे. चोखामेळा वेशीचा गावकूस बांधण्याच्या कामावर होते. १३३८ साली ती भिंत कोसळली आणि मजुरांसह ते तिच्याखाली गाडले गेले. ढिगाऱ्यातली चोखोबांची हाडे ओळखायची कशी? परंपरा सांगते की नामदेवांनी एकेक अस्थी कानाशी धरली आणि जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती वेगळी काढली. त्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्यांना दारातूनच दर्शन घ्यावे लागले, त्यांची हाडे दारापर्यंतच आली. त्यांच्या जातभाईंसाठी ते दार उघडावे म्हणून १९४७ सालच्या मे महिन्यात दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले ते साने गुरुजींनी. दापोली तालुक्यातल्या पालगडचे, रत्नागिरी जिल्ह्याचेच. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. पंढरीला पोचण्यात कुणाचा पाय आड आला, कुणाची जात. कोकणच्या एका कृश माणसाने आपला देह पणाला लावून त्यातला दुसरा अडथळा दूर केला.

रत्नागिरीत हाच जीवाचा आटापिटा आणखी एका यात्रेसाठी होत आला आहे. राजिवडा-मिरकरवाड्यापासून दाभोळ-बाणकोटपर्यंत खाडीकाठच्या मुस्लिम घरांत हजची तयारी वर्षानुवर्षे चालते. दाभोळ हे मध्ययुगातले मोठे बंदर. अरबस्तानाशी त्याचा व्यापार होता. तिथल्या भव्य मशिदीबद्दल आख्यायिका अशी की, विजापूरच्या राजघराण्यातली एक स्त्री मक्केला जायला दाभोळला आली, पण जहाज सुटणे जमले नाही. यात्रेसाठी आणलेले धन तिने या मशिदीच्या बांधकामाला दिले. पुढे हजचे बंदर मुंबई झाले. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचे आणि मोगल लाइनच्या जहाजाने जेद्दाला जायचे. ‘अकबर’ हे जहाज कोकणातल्या जुन्या हाजींच्या तोंडी अजून आहे. १९९५ नंतर समुद्रमार्ग बंद झाला आणि सगळा हज विमानाने होऊ लागला.

हजमध्ये शरीराचा कस लागतो. काबागृहाला सात प्रदक्षिणा, मग सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात खेपा. एक खेप सुमारे साडेचारशे मीटरची, म्हणजे तेवढ्यातच तीन किलोमीटरांवर चाल. पुढे मिना, अराफात, मुजदलिफा. म्हणूनच हजचे कर्तव्य ज्याला सामर्थ्य आहे त्याच्यावरच आहे. कोकणी मुस्लिम शाफई पंथाचे. त्या पंथाच्या मते इरादा पक्का असेल तर हज पुढच्या वर्षांवर टाकता येतो. बरे होण्याची आशा असलेल्याने थांबावे. जो कधीच बरा होणार नाही आणि ज्याला ऐपत आहे त्याने आपल्या वतीने दुसऱ्याला पाठवावे. प्रदक्षिणा चाकाच्या खुर्चीत बसून करण्यासही मुभा आहे. काणे यांनी मांडलेल्या हिशोबाशी ही व्यवस्था ताडून पाहिली तर दोन्हीकडे दिसते ते एकच: आधी शरीर सावरू द्यावे, आणि नाहीच सावरले तर माणसाला रिकाम्या हाताने ठेवू नये. फरक पंचांगाचा आहे. हजची तिथी सौर वर्षात दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे कधी ती आंब्याच्या हंगामात येते, कधी भर पावसात. चातुर्मासासारखी दरवर्षी त्याच ऋतूत येणारी मुदत इथे मिळत नाही.

मुदत मिळाली तरी हाड आपोआप बळकट होत नाही, खाणे लागते. सुश्रुताने मांसरस, दूध, तूप आणि वाटाण्याचे कढण सांगितले आहे; खारट, तिखट, आंबट, कोरडे अन्न आणि उन्हातान्हातली मेहनत वर्ज्य केली आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मासे-मटणाला शिवत नाही, त्यात चातुर्मासाचे उपास. मासळीच्या मुलखात राहून मासळी सोडलेल्या या माणसाला तारून नेले ते वरकस जमिनीतल्या पिकांनी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळाच्या कित्येक पट. कुळथात वजनाच्या पंचमांशाहून अधिक प्रथिने असतात. नाचणीची आंबील आणि कुळथाची पिठी हे कोकणातले गरिबाचे जेवण हाड भरून यायला किती योग्य आहे, हे आजचा आहारतज्ज्ञही सांगेल.

ज्यांना तरीही जाणे जमले नाही, त्यांच्यासाठी रत्नागिरीने आपल्याच अंगणात सोय केली. शहरातले विठ्ठल मंदिर प्रतिपंढरपूर म्हणून ओळखले जाते. आषाढीला आणि कार्तिकीला तिथे यात्रा भरते, आजूबाजूच्या खेड्यांतले लोक तिथेच विठोबाला भेटतात. आणि शिमग्यात तर कोकणात देवच निघतो. ग्रामदेवतेची पालखी वाडीवाडीतून, घराघरात जाते. रत्नागिरीच्या भैरीबुवाची पालखी असो की लहानशा वाडीतली, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दारी ती थांबते, आणि लऊळची कथा दरवर्षी फाल्गुनात प्रत्यक्ष घडते.

आज परिस्थिती बरीच पालटली आहे. गेर्हार्ड क्युन्चरने १९३९ साली हाडाच्या पोकळीत सळई घालण्याची शस्त्रक्रिया केली. तिच्या सुधारलेल्या रूपामुळे नडगी मोडलेला माणूस काही दिवसांतच आधाराने उभा राहतो. अशी शस्त्रक्रिया रत्नागिरीत होते, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात होते. प्रत्येकाला घाट चढावा लागत नाही. पाय गमावलेल्यांसाठी डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेला जयपूर फूट आहे. तो घालून अनवाणी चालता येते, मांडी घालून बसता येते. देवळात जाणाऱ्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी मोलाच्या.

तरी काही कामे राहिली आहेत. सळईने हाड लवकर उभे राहते, पण महिनाभर न वापरलेली मांडी बारीक झालेली असते आणि घोटा आखडलेला असतो. त्याला रोजचा व्यायाम लागतो आणि तो शिकवणारा माणूस खेड्यात सहसा पोचत नाही. आषाढीला पालख्यांबरोबर वैद्यकीय पथके, पायांची मालिश, रुग्णवाहिका असा मोठा ताफा असतो, आणि तो असायलाच हवा. कार्तिकीला आळंदी-देहूच्या पालख्यांचा तो सोहळा नसतो. पण भात कापून, पावसाळ्यातली दुखापत भरून काढून कोकणातला माणूस येतो तो कार्तिकीलाच. तेव्हा आंबा घाटाच्या पायथ्याशी साखरप्याला, मिरज आणि पंढरपूरच्या स्थानकांवर, चंद्रभागेच्या उतरणीला आणि दर्शनबारीत त्या आठवड्यात चाकाच्या खुर्च्या, बसायला बाक आणि पाय तपासणारा एक डॉक्टर ठेवला, तर रत्नागिरीच्या वारकऱ्याची फार जुनी गरज भागेल. कार्तिक शुद्ध दशमीची तारीख वर्षभर आधी पंचांगात छापलेली असते, त्यामुळे तयारीला वेळ भरपूर आहे.